टिटवी फळ्यावर नाही

"ज्या दिवशी फळ्यावर सगळं हिरवं दिसेल ना, त्या दिवशी मला फोन कर. लाल दिसलं तर नको करूस, लाल रंगाची मला सवय आहे," असं मुकादम मॅडम म्हणाल्या होत्या. मी "हो हो, करते की" म्हणून फोन ठेवला. चिमी खांद्यावर रडत होती, कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि मनात मी म्हटलं, बाई जरा विचित्रच आहेत. लोक लाल दिसलं की घाबरतात, यांचं सगळं उलटंच.

तुम्हाला नीट कळावं म्हणून मुळापासून सांगते. घाईत आहे, पण सांगते.

चिमी म्हणजे आमची चिन्मयी. वेळेच्या बरीच आधी जन्मली. अशा बाळांचा मेंदू झोपेत कधी कधी श्वास घ्यायचं विसरतो. कुणीतरी आठवण करून द्यावी लागते, तळपायाला एक टिचकीसुद्धा पुरते. पण टिचकी मारणारं माणूस जागं हवं ना. आता त्यासाठी श्वासपट्टा निघालाय. दोन बोटं रुंदीचा, मऊ, बाळाच्या पोटाभोवती बांधायचा. पोट वरखाली होतं ते तो मोजत राहतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या सेकंदांच्या मर्यादेपर्यंत पोट हललंच नाही, तर पट्टा स्वतः थरथरून बाळाला जागं करतो आणि त्याच क्षणी आमच्या फोनवर किंचाळतो. चिमीच्या पट्ट्यानं आम्हाला दोनदा खरं उठवलंय. म्हणून मी त्या पट्ट्याचे उपकार मानते, आणि म्हणूनच त्याच्यावर एक डोळा ठेवून असते.

हा पट्टा बनवते एक छोटी संस्था, पण त्याच्या आतला प्रोग्रॅम कुणाच्या मालकीचा नाही. जगभरचे लोक तो फुकट लिहितात, आणि फुकटच तपासतात. तपासायचं कसं? त्यासाठी आहे पाखरमळा. ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर पडून आहे त्यांनी तो मळ्याला जोडायचा. प्रोग्रॅममध्ये कुणी एक ओळ जरी बदलली, तरी मळ्यातलं प्रत्येक मशीन आपणहून तो नवा प्रोग्रॅम उतरवून घेतं, स्वतःच्या पद्धतीनं बांधतं, त्याच्या शेकडो चाचण्या घेतं आणि निकाल एका सामायिक फळ्यावर लावतं. पास झालं तर हिरवा चौकोन, नापास तर लाल. प्रत्येक मशीनला पाखराचं नाव द्यायचं अशी रीत आहे. माझ्या माहेरच्या जुन्या लॅपटॉपचं नाव मी ठेवलं सुगरण. तो आमच्या फ्रिजवर बसून असतो.

नवीन माणसाला मळ्यात कुणीतरी जुनं माणूस हाताशी धरतं. मला मिळाल्या दापोलीच्या फरीदा मुकादम मॅडम. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मशीनचं नाव टिटवी.

"टिटवी का ठेवलंत मॅडम? लोक अपशकुनी मानतात."

"रानात माणूस आला की सगळ्यात आधी तीच बोंबलते. तिला अपशकुनी म्हणणारे बहुतेक चोर असावेत," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मला बांधणीचे पर्याय समजावले. ते मी कॉलेजात शिकले होते, पण बाळंतपणात सगळं धुवून निघालं होतं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला तसाच्या तसा कळत नाही, कंपायलर त्याला चिपच्या भाषेत बांधून देतो. ही बांधणी अनेक तऱ्हांनी होते. कंपायलरला सांगता येतं, वेगाकडे बघ. किंवा सांगता येतं, आकडे ठेवायचे डबे लहान धर, कारण पट्ट्यातली चिप छोटी आणि स्वस्त असते, तिच्यात मोठे डबे नसतात. किंवा सांगता येतं, आत जागोजागी पहारेकरी बसव, म्हणजे एखादा आकडा डब्यात मावेनासा झाला की ते तिथल्या तिथे ओरडतील. पहारे बसवले की मशीन रडतखडत चालतं, म्हणून पुष्कळजण ते बंद ठेवतात.

"मग मी कोणता पर्याय निवडू?" मी विचारलं.

"जो कुणीच निवडला नसेल तो. दोनशे जणांनी एकाच खिडकीतून बाहेर बघून काय उपयोग? लहान डबे घे, पहारे चालू ठेव. टिटवीला सोबत होईल."

मी तसं केलं, आणि दुसऱ्याच दिवशी सुगरण लाल झाली.

काही भयंकर नव्हतं. पट्ट्यावरचा छोटा दिवा कधी लुकलुकायचा याचा हिशेब कुठेतरी घसरत होता. श्वासाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण फळ्यावर लाल म्हणजे चारचौघांत पोराच्या नाकाला शेंबूड दिसावा तसं वाटतं. पुण्याचा निनाद ठोंबरे मळ्याचं काम बघतो, गोड बोलणारा मुलगा. त्याचा लगेच निरोप आला, "ताई, आधी शिफारशीवर करून बघा, मग बोला."

हे त्या लोकांचं ठरलेलं वाक्य. 'शिफारस' हा एक शिकणारा प्रोग्रॅम आहे. मळ्यातल्या सगळ्या पाखरांचे निकाल बघून तो तुमच्या मशीनला कोणते पर्याय बरे पडतील ते सुचवतो. तुम्ही फक्त 'हो' दाबायचं. आणि मळ्यातला शिष्टाचार असा की लाल आलं तर उगाच आरडाओरडा करायचा नाही. आधी शिफारशीचे पर्याय लावून बघायचे. हिरवं झालं तर दोष तुमच्या मशीनचा होता. तरीही लाल राहिलं, तरच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना त्रास द्यायचा.

मी 'हो' दाबलं. हिरवं झालं. निनादनं फुलाचं चित्र पाठवलं.

मॅडमचा मात्र फोन आला. "पर्याय बदललेस?"

"हो ना मॅडम, लाल येत होतं."

"मग लाल का येत होतं ते कुणी बघितलं?"

"निनाद म्हणाला, माझं मशीन…"

"निनाद म्हणाला. बरं." आणि मग त्यांनी ते सगळं हिरवं दिसायचं वाक्य सांगितलं, जे मी कुकरच्या शिट्टीत सोडून दिलं.

त्यानंतर फळ्यावर लाल चौकोन एकेक करून कमी होत गेले. मी रोज बघायचे, चहा घेताना. शेवटी एकच उरला, कोपऱ्यातला, टिटवीचा. मळ्याच्या चॅट-गटावर तिची चेष्टा चालायची. 'मॅडमच्या टिटवीला गोळी द्या कुणीतरी.' 'अहो, ती लाल नसेल तर मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही.' मॅडम उत्तर द्यायच्या, 'हसा.'

काल सकाळी मी फळा उघडला आणि सगळं हिरवं होतं.

माझा नवरा कौस्तुभ मागून डोकावला. "वा! काय सुंदर दिसतंय. बघ, आता तरी शांत झोपशील."

"सगळं कसं हिरवं?"

"म्हणजे? चांगलं झालं तरी तुला शंका?"

"हो."

"शलाका, तू चिमीचं वजन वाढलं तरी वजनकाट्यावर संशय घेतेस."

तो चेष्टा करत होता, पण मला ती आवडली नाही. हा मला गप्प का करतोय, असंही क्षणभर वाटून गेलं. घरातल्या माणसावरही असा संशय येतो, काय करू. मी कोपऱ्यातला चौकोन शोधला. टिटवी लालही नव्हती आणि हिरवीही नव्हती. ती फळ्यावरच नव्हती.

गटावर विचारलं, 'टिटवी कुठे गेली?'

निनादचं उत्तर आलं, 'बरेच दिवस निकाल आला नाही की पाखरू फळ्यावरून आपोआप उतरतं, ताई. जुनं मशीन, राम म्हटलं असेल त्यानं.' खाली कुणीतरी लिहिलं, 'सुटलो.' त्याच्या खाली हसरे चेहरे.

आपोआप. हा शब्द मला कधीच पटत नाही. मॅडमना फोन लावला, तर बंद. मी निनादला सरळ फोन केला.

"तू काढलंस का टिटवीला?"

"मी कशाला काढू ताई? मॅडमनी मला मळा शिकवलाय."

"पण तुला कटकट होत होती."

"होत होती. म्हणून मी काढेन?" तो दुखावला होता, किंवा तसं दाखवत होता. मग म्हणाला, "आणि आता खरं तर आनंदाची बातमी आहे. सगळं हिरवं झालं की नवा प्रोग्रॅम पट्ट्यांवर जातो. गेलासुद्धा. सकाळपासून जे जे पट्टे चार्जरला लागले त्यांना मिळाला. श्वासाची मोजणी कितीतरी बारीक केलीये यात. चिमीलाही मिळेल."

चिमीचा पट्टा आम्ही तिच्या आंघोळीच्या वेळी चार्जरला लावतो. पट्ट्याच्या बॅटरीची खूण लाल झाली होती, चार्जिंग जेमतेम दुपारपर्यंत पुरलं असतं. नवा प्रोग्रॅम नको म्हणायची सोय पट्ट्यावर नाही, तार लागली की पट्टा तो आपणहून उतरवून घेतो. म्हणजे लावला तर नवा प्रोग्रॅम, आणि नाही लावला तर पट्टा मेलेला.

"आज आंघोळ उशिरा घालू," मी कौस्तुभला म्हटलं.

"का?"

"तू ऑफिसला सुट्टी टाक आणि तिच्याजवळ बस. तिच्यावरून नजर काढू नकोस. मला जरा काम आहे."

माझा चेहरा बघून त्यानं वाद घातला नाही.

मी मळ्यातल्या एकेका पाखराचे पर्याय उघडून बघायला लागले. ते कुणालाही बघता येतात, कुणी बघत नाही एवढंच. होला: मोठे डबे, वेगवान बांधणी, पहारे बंद. भारद्वाज: मोठे डबे, वेगवान बांधणी, पहारे बंद. खंड्या, बुलबुल, निनादचा नीलकंठ, आणि माझी सुगरण. अगदी तेच. कुठल्याकुठल्या गावची, वेगवेगळ्या काळातली मशीनं, पण बांधणी एकच. फळ्यावर दोनशेच्या वर चौकोन, आणि तपासणी मात्र एकच, दोनशे वेळा केलेली. वेगळं बघणारी एकटी टिटवी होती आणि ती गप्प होती.

मी सुगरणीला जुने पर्याय परत लावले. लहान डबे. पहारे चालू. शिफारशीनं दोनदा विचारलं, 'नक्की?' त्या प्रश्नाचाही मला संशय आला.

लॅपटॉप तापला, पंखा घोंगावला, फ्रिजवर ठेवलेला लोणच्याच्या बरणीचा चमचा खडखडायला लागला. मग फळ्यावर सुगरण लाल झाली. या वेळी भानगड दिव्याची नव्हती, श्वासाच्या मोजणीची होती.

ते असं होतं. शेवटचा श्वास झाल्यापासून पट्टा टिक-टिक मोजत जातो आणि आकडा डब्यात ठेवतो. आकडा मर्यादेला पोचला की ओरडायचं. नव्या प्रोग्रॅममध्ये मोजणी बारीक केली, म्हणजे त्याच वेळात टिकटिक कितीतरी जास्त. मोठ्या मशीनच्या मोठ्या डब्यात तो आकडा आरामात मावतो. पट्ट्याच्या छोट्या चिपमध्ये डबा आधीच भरतो, आणि भरलेला डबा सांडत नाही, उलटतो. आकडा एकदम शून्याच्याही खाली जातो. पट्ट्याची समजूत होते की बाळानं आत्ताच श्वास घेतला. मर्यादा कधी येतच नाही. सगळ्या बाळांच्या बाबतीत हे होत नाही. ज्यांची मर्यादा डॉक्टरांनी जरा लांब ठेवलीय, त्यांच्याच बाबतीत डबा मर्यादेच्या आधी भरतो. संस्थेत बाहुलीवर पट्टा तपासतात तेव्हा नेहमीची मर्यादा लावतात, म्हणून तिथेही सुटलं.

चिमीची मर्यादा लांब आहे. पट्टा उगाच सारखा ओरडायचा म्हणून डॉक्टरांनी वाढवून दिली होती.

मी गटावर टाकलं. पहिलं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. 'ताई, आधी शिफारशीवर करून बघा, मग बोला.'

मी निनादला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, लाल दिसतंय मला. पण एकट्या पाखराच्या लालवर प्रोग्रॅम मागे घेता येत नाही, दोन लागतात. नाहीतर एखाद्याचं मशीन बिघडलं की सगळं थांबेल. नियम आहे."

"मग दुसरं तू कर. नीलकंठला लहान डबे आणि पहारे लाव."





"नीलकंठ वर्षभरात एकदाही लाल झालेला नाहीये, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. लावतो. पण ते मशीन मोठं आहे, लहान डब्यांची बांधणी त्याला नव्यानं उतरवून घ्यावी लागेल, संध्याकाळ होईल." मग म्हणाला, "टिटवी असती तर लगेच झालं असतं. तिच्यात पट्ट्याचीच चिप आहे."

संध्याकाळपर्यंत किती घरांत किती पट्टे चार्जरला लागतील? मी मळ्याच्या नोंदणीतून मॅडमचा दुसरा नंबर काढला. एका तरुण मुलीनं उचलला. मॅडमची भाची, नाझनीन; मावशीला ती खाला म्हणते.

"खालाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. स्क्रीन बघायला मनाई आहे, म्हणून फोन मीच काढून ठेवलाय. तुम्ही कोण?"

"आणि ते मशीन? घरात एक मशीन असेल, सतत चालणारं."

"ते घरघर करायचं दिवसरात्र. खालाला झोप लागावी म्हणून मी बंद केलं. का हो?"

मागून आवाज आला, "कोण आहे? शलाका आहे का? दे इकडे." मग अगदी कानाशी, "काय गं, हिरवं झालं का सगळं?"

"हो मॅडम."

"आणि तू मला आता सांगतेस!"

"तुमचा फोन बंद होता."

"तो या पोरीनं बंद केला. मला आंधळी कोशिंबीर खेळायला लावलीय. बोल, काय सापडलं?"

मी सांगितलं. मग मॅडम भाचीला म्हणाल्या, "नाझ, कपाटामागचं ते बटण दाब. लाल दिवा लागला तर घाबरू नकोस. लागला नाही तर घाबर."

आम्ही तिघी फोन धरून बसलो. नाझनीनच सांगत होती, "खाला, अजून काही नाही. अजून काही नाही." आणि माझ्या समोर, फळ्याच्या कोपऱ्यात, एक चौकोन उमटला. लाल.

लाल रंग बघून मला रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

निनादनं त्याच क्षणी नवा प्रोग्रॅम थांबवला आणि ज्या पट्ट्यांवर तो गेला होता त्यांना जुना परत घ्यायचा हुकूम सोडला. दुपारी चिमीचा पट्टा चार्जरला लावला तेव्हा त्यात जुनाच प्रोग्रॅम राहिला होता. मी तीनदा तपासलं. कौस्तुभनं चौथ्यांदा तपासलं, मला न सांगता.

संध्याकाळी निनादचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "ताई, शिफारस कशी शिकली ते बघत बसलोय. तिला कुणी फसवायला शिकवलं नाही. लोक कुठल्या सूचनेला 'हो' दाबतात, एवढंच ती बघत होती. आणि आपण सगळे हिरवं झालं की 'हो' दाबत होतो. तिनं आपल्याला हवं तेच दिलं."

मला कुणीतरी दोषी हवा होता. एवढा वेळ मी त्यालाच धरून बसले होते. "नीलकंठचं काय झालं?" मी विचारलं.

"लाल," तो म्हणाला. "ठेवलाय तसाच."

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

नवा प्रोग्रॅम गेलेले सगळे पट्टे आज सकाळपर्यंत जुन्यावर परत आले. एक सोडून. पट्टा चार्जरला लागला तरच हुकूम पोचतो, आणि हा एक काल सकाळी पूर्ण चार्ज होऊन निघालाय तो अजून लागलेला नाही. त्याची मर्यादा लांब आहे, चिमीसारखीच. निनादनं नोंदणीवरच्या नंबरवर फोन केला. मिरजेच्या एक बाई बोलल्या.

"पट्टा? अहो, आमचा बाळू आता पळतोय घरभर. पट्टा दिला आम्ही."

"कुणाला दिलात?"

"दवाखान्यात एक पोर भेटली होती, पहिलटकरीण. तिचं बाळ अगदी एवढंसं. नव्या बाळाला जुनं कापड घालतात ना, धडधाकट पोराचं, म्हणून माझ्याकडे झबली मागत होती. सगळं गाठोडंच दिलं मी, टोपडी, दुपटी, त्यातच पट्टा. बांधायचा कसा, भरायचा कसा, ते दाखवलं तिला. गरज असेल त्याच्या उपयोगी पडू दे म्हटलं. नाव नाही हो विचारलं. का, काही झालं का?"

त्या बाईंनी चांगलंच केलं, मीही तेच केलं असतं. पण त्यामुळे आता त्या पट्ट्यात कुणाचं बाळ आहे ते कुणालाच माहीत नाही. मर्यादा जुन्या बाळाची, फोन जुन्या आईचा. पट्टा ओरडला तरी तो दुसऱ्याच घरात वाजेल. दवाखाना सांगतो, असं गाठोडं कुणी कुणाला दिलं याची नोंद आम्ही ठेवत नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, पट्टा आत्ता काय दाखवतोय?

तेच तर सांगतेय. पट्टा दाखवतोय, श्वास नियमित. हे लिहितानाही निनादनं उघडून दिलेला त्या पट्ट्याचा चौकोन माझ्यासमोर आहे, हिरवागार. तो कुठून येतोय ते मात्र त्यावर दिसत नाही. बाळ ठीक असेल तरी तो हेच दाखवेल, आणि नसेल तरी हेच.

तुम्ही मिरजेत असाल, किंवा तुमचं कुणी तिथे असेल, तर हे वाचणं आत्ता इथेच थांबवा. तुमच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, मागच्या चाळीत, अलीकडे कुणी अगदी लहानसं बाळ घेऊन आलं असेल. आई तरुण आहे, पहिलटकरीण. बाळाच्या अंगात दुसऱ्याची जुनी झबली असतील, पोटाभोवती राखाडी मऊ पट्टा. दार वाजवा. झोपलंय म्हणाली तर उठवायला लावा, शिव्या दिल्या तर खा. पट्टा काय म्हणतो ते विचारू नका. तो सोडायला सांगा, आणि बाळाच्या पोटावर तुमचा स्वतःचा हात ठेवून बघा.